सोमारीची जागा

इस्तारी तलावाच्या पाळीवर बसून फाटकं जाळं सांधत होता, तेव्हा त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. गाडी त्याच्या नावावर, नंबरही त्याचा, म्हणून दंडाची चालानं त्यालाच यायची. चालवायचा मात्र त्याचा एकुलता एक पोरगा, प्रफुल्ल. बापानं धरलेली मासळी बर्फात घालून तो चंद्रपूरच्या बाजारात न्यायचा.

इस्तारीला अक्षरं लावायला वेळ लागे. तो घरी गेला आणि मोबाइल सुनेच्या हातात दिला.

"पुन्हा स्पीडचं चालान हाय, मामाजी," डिंपल म्हणाली. "एकशे अठरा. साजाच्या वळणापुढं."

प्रफुल्ल अंगणात गाडीवर पाणी मारत होता. तो हसला. "पोलिसायले माह्या फोटो लई आवडते, बाबा. लग्नात एवढे फोटो नाई काढले कोनं."

"लग्नात एका जागी बसले होते तुमी," डिंपल म्हणाली. "म्हनून सापडले तरी."

"अन् बर्फ काय माह्यासाठी थांबते? विरघळते तो."

इस्तारीनं मोबाइल परत घेतला. तो चालानावरचा फोटो पाहत राहिला. काचेआड प्रफुल्ल होता, एक हात स्टेअरिंगवर. मागची सीट रिकामी. पण त्या सीटच्या मधोमध पानांची एक डहाळी उभी होती. ती कशाला टेकलेली नव्हती. कोणी मुठीत धरावी तशी सरळ उभी होती.

साजाच्या झाडाजवळच्या त्या वळणावर सोमारी नावाची बाई मेली होती. चैताचे दिवस होते. मोहफुलांची टोपली डोक्यावर घेऊन ती रस्ता ओलांडत होती आणि कुठल्याशा गाडीनं तिला धडक दिली. धडक देऊन फेकली असती तरी बरं झालं असतं. ती खाली अडकली, आणि गाडी न थांबता तिला ओढत गेली. लोकांना आधी मोहफुलं सापडली. मग टोपली. मग लुगड्याच्या चिंध्या, ओल्या. सोमारी सापडली ती फार पुढं, आणि तिचं तोंड तिच्या भावालाही ओळखता आलं नाही. गाडी कोणाची होती ते आजपर्यंत कळलेलं नाही.

असं रस्त्यात गेलेल्या माणसाला बसायला जागा द्यावी लागते, हा तिकडचा रिवाज. येणारा-जाणारा त्या ठिकाणी उतरतो, एक ताजी डहाळी तोडतो, तिथल्या डहाळ्यांच्या ढिगावर हातानं ठेवतो आणि म्हणतो, "बस बाई, इथीच बस." डहाळी म्हणजे तिचं आसन. आसन मिळालं की ती बसून राहते, कोणाच्या मागं येत नाही. इस्तारी सायकलवरून जायचा तेव्हाही उतरायचा.

"तू थांबतो का तिथी?" त्यानं विचारलं.

"डहाळी देतो ना मी. इथूनच तोडून जवळ ठेवतो, अन् वळन आलं का खिडकीतून फेकतो."

"चालत्या गाडीतून?"

"मंग काय झालं? देल्याशी मतलब. तेवढ्यासाठी कोन ब्रेक मारते?"

इस्तारीनं गाडीचं मागचं दार उघडलं. मासळीचे डबे डिकीत असायचे. मागच्या सीटकडं कोणी पाहत नसे. सीटवर, सीटखाली, पाठीच्या फटीत डहाळ्याच डहाळ्या होत्या. पुढच्या खिडकीतून फेकलेली एकूण एक डहाळी वाऱ्यानं मागच्या उघड्या खिडकीतून आत घेतली होती. इतक्या दिवसांत एकही वाळली नव्हती. सीटचा मधला भाग दबलेला होता. इस्तारीनं तिथं तळवा ठेवला आणि झटकन उचलला. जागा उबदार होती.

"प्रफुल्ल," तो हळू म्हणाला, "तू तिले गाडीत जागा देली, बापा."

पोरगा हसायला गेला, पण बापाचं तोंड पाहून थांबला.

"आता चाल. हळू चालव. ह्या साऱ्या डहाळ्या हातानं तिथी ठेवून येऊ."

"आता? सांज होऊन राह्यली."

"जा ना," डिंपल म्हणाली. "मामाजी कधी काई मांगते का तुमाले?"

इस्तारीनं डहाळ्या आपल्या दुपट्ट्यात बांधल्या, गाठोडं मांडीवर घेतलं आणि तो पोराशेजारी बसला.

प्रफुल्लनं खरंच गाडी हळू चालवली. "याच्यापेक्षा बैलबंडी बरी," एवढंच तो कुरकुरला. दोन्ही बाजूंना सागाची उंच झाडं होती, आणि त्यांच्यामधला उजेड विहिरीतल्या पाण्यासारखा खाली खाली जात होता. जंगलात पाखरू बोलत नव्हतं. मग गाडीत वास आला. मासळीचा नव्हे. आंबलेल्या मोहाचा, गोड, डोकं धरणारा वास, आणि त्याच्या खाली रक्ताचा.

गाडी वेग घेऊ लागली.

"हळू, बेटा."

"बाबा... पाय उचलत नाई..."

"ब्रेक मार."

"मारून राह्यलो... दुसऱ्या पायानं मारून राह्यलो... लागतच नाई..."

इस्तारीनं खाली पाहिलं. प्रफुल्लच्या उजव्या गुडघ्यावर पँटचं कापड पाच ठिकाणी आत दबलं होतं. मागून वाकून कोणी हाताच्या पंजानं गुडघा खाली रेटावा, तसं. कापडातून रक्त वर येत होतं. हाड कडकडलं आणि प्रफुल्ल गुरासारखा ओरडला. गाडी आणखी पळाली.

तेवढ्यात गाडीखाली काहीतरी अडकलं. धप्प झालं, मग फरफट सुरू झाली. ओलं पोतं डांबरावर घासत जावं तसा आवाज. मध्येच काहीतरी कठीण आपटे, पुन्हा घासे. इस्तारीच्या तळपायांना ते पत्र्यातून कळत होतं. खाली बोटं होती. ती धरायला काहीतरी शोधत होती.

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. गाठोडं छातीशी धरून तो मऊ आवाजात बोलला, जसं झोपेत दचकलेल्या लेकराशी बोलावं.

"सोमारी बाई... तुह्यी जागा घेऊन आलो... माह्या पोराले सोड... गाडी थांबू दे..."

फरफट थांबली. त्याच्या मानेवर गार श्वास आला. बाईचा आवाज होता, दमलेला, रागाचा नव्हे.

"माह्यासाठी थांबली होती का, भाऊ?"

वळण समोर होतं. प्रफुल्लनं दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढलं. ते हाललं नाही. मग गाडी साजाच्या खोडावर गेली.

काच फुटली, आभाळ खाली आलं, पुन्हा वर गेलं. इस्तारी शुद्धीवर आला तेव्हा तो उलट्या गाडीत लटकलेला होता. एक खांदा जागेवर नव्हता आणि तोंडात दात सुटे झाले होते. चालवणाऱ्याची जागा रिकामी होती. समोरच्या फुटलेल्या काचेच्या धारेला मांस चिकटलेलं होतं.

तो दातात दुपट्ट्याची गाठ धरून बाहेर सरपटला. पोराला हाक मारावी तर तोंडात गाठोडं. ते टाकावं, तर ज्यासाठी आलो तेच टाकलं. तसाच एका हातावर सरपटत तो ढिगापर्यंत पोचला.

डहाळ्यांच्या ढिगावर प्रफुल्ल होता. अगदी मधोमध. उजवा पाय उलट्या बाजूला वळलेला, मांडीतून पांढरं हाड बाहेर आलेलं, कपाळाचं कातडं भुवईवर लोंबत होतं. रक्त पानापानावरून खाली ठिबकत होतं. तो जिवंत होता. श्वास घ्यायचा तेव्हा खालची पानं किंचित वर यायची.

इस्तारीनं दातातलं गाठोडं हातात घेतलं आणि त्याच्याकडं पाहिलं. डहाळ्या ठेवायच्या तर कुठं? जागा रिकामी नव्हती. "बस बाई, इथीच बस" हे शब्द त्याच्या ओठावर आले, आणि आपल्या पोराकडं पाहून ते बोलायची त्याची हिंमत झाली नाही. त्यानं गाठोडं रस्त्यात सोडलं आणि एका हातानं पोराला ढिगावरून ओढू लागला. मागं उलट्या गाडीची चाकं फिरत होती. ती बराच वेळ फिरत राहिली.

चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय वाचवला, पण म्हणाले, शीर तुटली आहे, हा पाय आता कधी हलणार नाही. इस्तारी मान हलवून ऐकत राहिला. पोरगा वाचला, त्याला तेवढं पुरे होतं.

रोज सांजेला तो खाटेच्या पायथ्याशी बसायचा. डिंपलनं एकदा विचारलं, "मामाजी, तिथी काऊन बसता? उशाशी बसा ना."

"इथीच बरा हाव," तो म्हणाला.

कारण खोलीत दिवा लागला, की प्रफुल्लचा तो मेलेला पाय, गाडीचा वेग वाढवताना दाबावा तसा, सावकाश खाली दबू लागायचा. प्रफुल्ल गाढ झोपलेला असायचा. इस्तारी आपला तळवा त्या पावलाखाली द्यायचा. पाऊल दाबत राहायचं, दाबत राहायचं, त्याचा हात खाटेच्या लोखंडी पट्टीवर चेपून जाईपर्यंत. त्या पायातला जोर त्याच्या पोराचा नव्हता. म्हातारा दात आवळून हात तसाच ठेवायचा.

आजही त्यानं हात काढला नाही, पण या वेळी मान वर केली. पंखा बंद होता. खिडक्या डिंपलनं कधीच्या लावून घेतल्या होत्या. पडद्याची कडसुद्धा हालत नव्हती.

आणि उशीवर प्रफुल्लचे केस कपाळावरून मागं उडत होते, फडफड फडफड, क्षणाक्षणाला जास्त जोरानं.