ढवळीची ओढ

अभयघरात कोणत्याही जनावराला मारता येत नसे. त्याला स्वतःलाच जगणं नको झालं आहे, असं यंत्राने दाखवलं तरच इंजेक्शनची परवानगी होती. डोक्यावर टोपी बसवली की मेंदूतल्या हालचालींवरून जगण्याची इच्छा किती उरली आहे, ते पडद्यावर रेघेने उमटे. कायद्यात तिला 'जीवेच्छांक' म्हणत. अभयघरात सगळे 'ओढ' म्हणत. ओढ लाल खुणेखाली उतरून रात्रभर तिथेच राहिली पाहिजे, असा नियम होता. माणसांच्या सोयीसाठी जनावरांचे जीव जाऊ नयेत म्हणून तो झाला, आणि त्यासाठी गिरजा भोइटे मोर्च्यात पुढे चालल्या होत्या.

आता त्यांची कुत्री ढवळीच तिथे पडली होती. हाडांत कर्करोग पसरला होता, औषधं लागू पडत नव्हती. ती सारखी कण्हत होती, तरी ओढ काही खुणेखाली येत नव्हती.

"तुमचं यंत्र बिघडलंय," गिरजाताई अभयघराच्या डॉक्टर मुजावरांना म्हणाल्या.

मुजावरांनी दुसरं यंत्रही लावून पाहिलं होतं. त्यांनी रात्रीची रेघ दाखवली. गिरजाताई घरी गेल्या की ती घसरे, पण खुणेच्या जरा वर येऊन अडून राही.

"ती वाट बघतेय, ताई. जाताना तुम्ही तिला काय म्हणता?"

"काय म्हणणार? येते म्हणते."

"तेवढ्यावर ती रात्र काढते."

गिरजाताईंना कळायला वेळ लागला. मग त्यांनी, आकडा खोटा लिहा, अशी गळ घातली. मुजावर म्हणाले, आज तुमच्या मायेपोटी लिहिला, तर उद्या पिंजरे अपुरे पडतात म्हणून कोणीतरी लिहील. मोर्च्यात त्या स्वतः हेच बोलल्या होत्या.

"म्हणजे मी तिला टाकून दिलं, असं तिला वाटलं पाहिजे?"

"हो," मुजावर म्हणाले. "आणि सकाळी येऊ नका. तुमची चाहूल लागली तर ओढ पुन्हा वर जाईल."

गिरजाताईंनी ढवळीच्या कानामागे खाजवलं आणि त्या उठल्या. दारापाशी पोचल्या तेव्हा ढवळीने कष्टाने मान उचलली, कान टवकारले.

गिरजाताईंनी ओठ घट्ट मिटले आणि बाहेरून दार लावून घेतलं.