जुन्या जेनेच्या टेकडीवर दिलेला शब्द

मी कांद्याचा व्यापारी. चाळीस वर्षं जेने गावात दुकान आहे, पण मूळचा डोंगरकड्यावरचा, दोगोन जमातीचा. शाळा पाहिली ती बाहेरूनच. अक्षरं शिकलो पोत्यांवरच्या छापांवरून. तेव्हा माझ्या बोलण्यात विद्वत्ता शोधू नका. दिवा जरा इकडे सरकवा, चहाची दुसरी फेरी होऊ द्या, सांगतो.

त्या वर्षी जुन्या जेनेच्या टेकडीवर उत्खनन चाललं होतं. टेकडी कसली, मेलेलं गावच ते. घरावर घर रचत उंच झालेलं. राजधानीतून, बामाकोहून आलेल्या असेतू कुलिबाली बाई तिथल्या प्रमुख. त्यांच्या तंबूला तांदूळ, कांदे नि सुकी मासळी मी पुरवत असे. एका शुक्रवारी दुपारी गाढवगाडी जुंपून निघालो. वाळवंटाची धूळ हवेत इतकी दाटली होती, की सूर्य पांढऱ्या बशीसारखा दिसत होता. त्याच्याकडे खुशाल टक लावून बघावं.

टेकडीवर पाय ठेवला की खापरं करकरतात. त्या दिवशी तेवढाच आवाज होता. तंबू रिकामा. मंडळी नमाजाला गावात गेली असणार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी पोती उतरवू लागलो. कुठूनतरी ओल्या राखेचा वास येत होता, आणि चूल तर गार पडलेली.

तेवढ्यात खड्ड्यातून आवाज आला.

"आलास का रे कड्यावरच्या माकडा? तुझ्याआधी तुझ्या कांद्यांचा वास पोचला."

मला वाटलं, राखणदार बामोये. बामोये कारबेंता म्हणजे बोझो, नदीवरचा कोळी. बोझो नि दोगोन यांच्यात थट्टेचं नातं आहे, पणजोबांच्या पणजोबांपासूनचं. भेटलं की शिव्या घालायच्या, राग धरायचा नाही. आपसात लग्न नाही, रक्त सांडणं नाही. आणि थट्टेतल्या भावाने काही मागितलं, तर शब्द द्यायचा नि पाळायचा. मोडला, तर मोडणाऱ्याच्या घरात मरण शिरतं. लोक मानतात, मीही मानतो.

"माशाच्या काट्या, नमाज चुकवून सावलीत लोळतोस?" मी म्हणालो. "नरकात तळतील तुला, आणि तेलही तुझ्याच माशांचं."

खड्ड्यातून हसू आलं. कोरडं. खापरावर खापर घासावं तसं.

"एक मागू?"

"माग. मागण्याखेरीज तुम्ही लोकांनी दुसरं केलंय काय?"

"मला इथून हलवू देऊ नकोस."

"तुला कोण हलवतंय, रेड्या?"

"उद्या हलवणार आहेत... शब्द दे."

"दिला."

"दोगोनाचा...?"

"दोगोनाचा. आता वर ये नि पोतं धर."

कोणी वर आलं नाही. मी काठावर जाऊन वाकलो. खड्ड्यात माणूस नव्हता. मातीच्या भिंतीतून एक मोठा रांजण अर्धा बाहेर आला होता, तोंडावर मडकं पालथं घातलेलं. जुनी माणसं आपले मेलेले असे रांजणात पुरत. रांजणाभोवतीची माती ओली होती. पाच महिन्यांत पावसाचा थेंब पडला नव्हता.

मंडळी परतली तेव्हा मी गाडीच्या चाकाला टेकून बसलो होतो. बामोये पांढऱ्या झग्यात, हातात जपमाळ.

"तू कुठं होतास?"

"पहिल्या रांगेत. इमामाला विचार."

"मग मी शब्द कोणाला दिला?"

मी सगळं सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मला शिवी दिली नाही. "अंतिंबे," तो नावाने म्हणाला, "आमच्यातलंच कोणी असणार ते... आणि तुझ्या सुनेचे दिवस भरत आलेत."

मला तेच सुचलं होतं.

बाईंना मी भुताची गोष्ट सांगितली नाही. व्यापारी माणूस, गिऱ्हाईक बघून माल काढतो. म्हणालो, "रांजण हलवू नका."

"काका, माझी का हौस आहे? समोरचा ओघळ बघा. येत्या पावसात पाणी हा रांजण फोडून नेईल. संग्रहालयात निदान टिकेल तरी."

"आणि ओघळच थांबवला तर?"

"कोण थांबवणार?"

"तुम्ही कुलिबाली, चवळ्या खाऊन पोट फुगवणारी मंडळी. पाणी अडवायचं कसं ते दोगोनाला विचारा. कड्यावर आमचा कांदा मूठभर मातीत पिकतो. ती माती आम्ही वाहू देत नाही म्हणून."

त्या हसल्या. कुलिबालींना चवळीखाऊ म्हणून सगळा मुलुख चिडवतो. "चवळ्या काढल्यातच ना शेवटी? बरं, दहा दिवस दिले. बांध पटला तर रांजण राहील."

मी कड्यावरून चार पुतणे नि ट्रकभर दगड आणले. ओघळात आडव्या रांगा रचल्या, बाजरीची ताटं दाबली, माती ठोकली. नवव्या दिवशी बाईंनी बांधावर उभं राहून उड्या मारून पाहिल्या. मग रांजणाचं चित्र काढलं, मापं घेतली, आणि स्वतःच्या हाताने माती लोटून तो झाकला. त्याच संध्याकाळी सून मोकळी झाली. मुलगी, धडधाकट, आवाज तर बाजारातल्या कोळणीसारखा. बामोयेने पंधरा दिवस पुरतील एवढ्या शिव्या एका दमात घातल्या. मला फार बरं वाटलं.

पावसाळा सरल्यावर आम्ही दोघे बांध बघायला गेलो. दगड जागचा हलला नव्हता. पण बांधाच्या वरच्या अंगाला, जिथं आम्ही हातही लावला नव्हता, तिथं आणखी एक रांग होती. उभी खापरं, एकाला एक भिडवून, ओल्या मातीने लिंपलेली. लिंपणावर बोटं उमटली होती. भोवतालच्या चिखलात मात्र एकही पाऊल नव्हतं.

रांग सरळ नव्हती. वळून परत आली होती, मध्ये एक लांबट जागा मोकळी सोडून.

"खाट घातलीय तुझ्यासाठी," बामोये म्हणाला. "लवंड की जरा."

थट्टाच ती. मी आडवा झालो. डोकं बसलं, खांदे बसले. वारा छान येतो तिथं, लांबवर नदी चकाकते. खोटं कशाला सांगू, दुकानातल्या गादीपेक्षा सुख वाटलं. मी डोळे मिटणार, एवढ्यात बामोयेचं हसू थांबलं. तो माझ्या पायांकडे बघत होता.

लहानपणी कड्यावरून पडलो, तेव्हापासून माझा डावा पाय चार बोटं आखूड आहे.

खापरांची रांग त्या बाजूला चार बोटं आत घेतलेली होती.