स्फिंक्सच्या पायाखाली

"ऊठ रे, सँडविच नंतर खा! पाणी बघ किती साचलंय!" ओत्ताव्हियाने धाकट्या तुल्लिओला ओढलंच.

दुपारची सर थांबून अर्धा तास झाला, तरी इटलीतल्या व्हेरोनाच्या अरेनात, म्हणजे उघड्या रोमन प्रेक्षागारात, वादकांच्या जागी घोट्यापर्यंत पाणी होतं. आई इथल्या ऑपेराच्या कोरसमध्ये, सगळ्यांबरोबर गायची, म्हणून सुट्टीत ही भावंडं इथेच पडीक असत. एरवी पाणी पाच मिनिटांत गायब होई! अकरा वर्षांनी आज आई पहिल्यांदाच एकटीने गाणार होती, आणि संचालक म्हणत होते, "सहापर्यंत पाणी हटलं नाही, तर आजचा खेळ रद्द!"

आई सारखी घड्याळाकडे बघत होती. ओत्ताव्हियाला तिच्याकडे बघवेना.

"पंप येतोय," नेपथ्यवाले ब्रुन्योलीकाका गुरगुरले. "तुम्ही लुडबुड करू नका!"

तुल्लिओने आइस्क्रीमचा रिकामा कप पाण्यात सोडला. तो सरकत सरकत नेपथ्यातल्या प्लास्टरच्या अवाढव्य स्फिंक्सपाशी गेला आणि गोल गोल फिरू लागला.

"ताई, खाली गटार आहे!"

"रोमन लोकांचं! काका, तुम्ही त्याच्यावरच हे धूड ठेवलंत!"

"तीस वर्षं काम करतोय मी! मला शिकवता? पळा!"

ओत्ताव्हियाने तुल्लिओला डोळा मारला.

"काका, दाराशी कुणीतरी पंप पंप ओरडतंय!" तुल्लिओ साळसूदपणे म्हणाला. काका धावले. दोघांनी स्फिंक्सच्या चाकांच्या खिट्ट्या काढल्या आणि सगळा जोर लावला. धूड हललं!

जमिनीच्या पोटातून आधी गुरगुर आली, मग असा घनगंभीर आवाज घुमला की सुतारांचे हातोडे थांबले. पाणी नदीकडे धावत सुटलं होतं. ओत्ताव्हियाच्या अंगावर काटा आला. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे दगड घडवले होते. घडवणाऱ्यांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत, आणि आज ते तिच्या आईच्या मदतीला आले होते!

"शाब्बास!" संचालकांनी टोपी काढली. काकांनी कान पकडले, स्वतःचेच. "पोरांनो, पहिल्या रांगेत बसा!" संचालक म्हणाले.

"नको, सगळ्यात वर बसतो," ओत्ताव्हिया म्हणाली. इथे माइक नसतो. आवाज वरपर्यंत पोचतो का, तेच तिला ऐकायचं होतं.

सूर्य मावळला. हजारो लोक चिडीचूप झाले. खाली आई बोटाएवढी दिसत होती. तिने तोंड उघडलं, आणि तो आवाज शेवटच्या दगडी पायरीपर्यंत जसाच्या तसा आला.

"ती माझी आई आहे!" ओत्ताव्हिया ओरडलीच.

"शूऽऽ!" अख्ख्या अरेनाने तिला गप्प केलं.