दोन कॅमेरे आणि एक छोटं चाक

मनिषाच्या साखरपुड्यात मी भर मांडवात फोटोग्राफरची अब्रू घालवली, तिथून हे सगळं सुरू झालं.

मनिषा माझी लातूरची चुलत बहीण. गंजगोलाईजवळच्या एका मंगल कार्यालयात कार्यक्रम होता आणि आम्ही नांदेडहून सकाळच्या बसनं आलो होतो. फोटोग्राफर दोन्ही खांद्यांना एकेक कॅमेरा अडकवून फिरत होता. उंच, सावळा, चष्मा कपाळावर सरकवलेला. अंगठ्या घालायची वेळ आली तसा त्याला खुर्चीवर चढायचं होतं आणि समोर मीच उभी होते. “जरा धरा मॅडम,” म्हणत त्यानं एक कॅमेरा माझ्या हातात दिला आणि दुसरा घेऊन वर चढला.

हातात आलेली वस्तू डोळ्याला लावून बघायची ही माझी जुनी खोड. मी प्राणिशास्त्रात पीएच.डी. करते, गोदावरीकाठचे पक्षी हा विषय, त्यामुळं दुर्बीण सतत गळ्यात. कॅमेऱ्यातून पाहिलं तर मनिषा धड दिसेना. साडी, हार, पाट, सगळं एकात एक मिसळलेलं... मी मोठ्यानं म्हणाले, “अहो, हा कॅमेरा बिघडलाय. यात काहीच नीट दिसत नाही.”

मोठ्यानं म्हणाले, तिथंच चुकलं. मनिषाच्या बाबांनी, म्हणजे माझ्या काकांनी, ते ऐकलं आणि अंगठ्या राहिल्या बाजूला. सकाळपासूनचे सगळे फोटो गेले की काय, व्याह्यांचा सत्कार आला की नाही, असं म्हणत काका त्याच्यावर घसरले. गुरुजी मंत्र म्हणायचे थांबले. नवऱ्या मुलाची आत्या तर दुसरा फोटोग्राफर बोलवा म्हणायला लागली.

तो शांतपणे खाली उतरला. मागच्या पडद्यावर त्यानं काकांना दहाबारा फोटो दाखवले, एकूण एक लख्ख आले होते. मग माझ्याकडं वळला. जिथं डोळा लावायचा त्या खिडकीच्या कडेला हरभऱ्याएवढं एक चाक होतं. त्यावर बोट ठेवून म्हणाला, “हे फिरवा. सावकाश.”

मी फिरवलं. धुकं हटलं आणि मनिषाच्या नथीतला एकेक मोती दिसायला लागला.

“कॅमेरा बरा हाय मॅडम,” तो म्हणाला. “त्यात नंबर माझा हाय, तुमचा न्हाई.”

चष्मा मध्ये आला की डोळा नीट टेकत नाही, म्हणून तो चष्मा वर सरकवायचा आणि ते चाक आपल्या नंबरावर ठेवायचा. फोटोवर त्याचा काही परिणाम होत नाही, फक्त बघणाऱ्याच्या डोळ्याला फरक पडतो. हे सगळं त्यानं न रागावता सांगितलं. रागावला असता तर बरं झालं असतं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणं झाल्यावर मी माफी मागायला गेले आणि अर्धा तास तिथंच रमले. त्याचं नाव रविकिरण. लातूरच्याच लिंगायत घरातला, वडिलांचं डाळीचं दुकान. दुकानात मन लागेना म्हणून यानं स्टुडिओ काढलेला. लग्नाचे फोटो काढायचे आणि जुने कॅमेरे घेऊन, दुरुस्त करून विकायचे. मला पक्ष्यांसाठी कॅमेरा हवाच होता, नवा परवडणारा नव्हता. त्याच्या खांद्यावरच्या दोघांपैकी एक विकायचा आहे असं तो म्हणाला. एक होता सेव्हन डी, दुसरा, मी हातात धरलेला, फाइव्ह डी मार्क टू, दोघंही बाजारातून कधीच मागं पडलेले. मी चटकन विचारलं, यातला चांगला कोणता?

“कशासाठी चांगला, ते आधी सांगा.” तो म्हणाला. “न्हाईतर असं करा. एकेक आठवडा दोन्ही वापरा. जो तुमचा वाटंल तो तुमचा, उरंल तो माझा.”

त्याचे अल्बम नांदेडला छापले जायचे, त्यामुळं दर रविवारी त्याची फेरी असायचीच. पहिल्यांदा त्यानं सेव्हन डी आणून दिला, सोबत एक लांबलचक लेन्स. विष्णुपुरीच्या पाण्यावर कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा खाली सुटतो. आजवर माझ्याकडं त्याच्या नुसत्या शिंतोड्यांचे फोटो होते. या कॅमेऱ्यानं सेकंदाला आठ फोटो घेतले आणि चोच पाण्याला टेकायचा तो एक क्षण त्यात सापडला. याचा सेन्सर लहान, त्यामुळं त्याच लेन्समधून पक्षी आणखी जवळ आल्यासारखा दिसतो. मी खूश होते. फक्त सूर्य बुडाला की फोटोत रव्यासारखे दाणे यायला लागायचे.

मग फाइव्ह डी आला. त्यावर खंड्या काही सापडेना. सेकंदाला चार फोटो, तेही धड नाहीत, तोवर पक्षी मासा घेऊन फांदीवर बसलेला. कंटाळून मी तो घरी आणला आणि संध्याकाळी बाबा पेपर वाचत बसले होते त्यांचा सहज एक फोटो काढला. खोलीत एकच दिवा होता. फोटो मी मोठा करून पाहिला. बाबांच्या डोळ्यांखालची कातडी इतकी पातळ झालीय, हे मी रोज समोर बसून पाहिलं नव्हतं. एकही दाणा नव्हता, मागची भिंत मऊ विरघळून गेली होती आणि बाबा तेवढे राहिले होते.

रविवारी नदीकाठच्या दगडांवर बसून मी रविकिरणला तो फोटो दाखवला. त्यानं बराच वेळ पाहिला.

“सेव्हन डी लवकर बघतो,” तो म्हणाला. “हा थांबून बघतो. तुम्हाला पाखरं पाहिजेत, म्हणजे तुमचा तो. मला माणसं, माझा हा.”

हिशेब बरोबर होता. सेव्हन डी माझा झाला. फाइव्ह डी मात्र देताना जड गेलं. तो परत करताना मी शेवटचं एकदा त्यातून नदी पाहिली, पलीकडचा घाट, कपडे वाळत घालणारी एक बाई... आणि त्याच्या हातात दिला. तो नोव्हेंबरचा शेवटचा रविवार होता.

सौदा संपला तरी रविवार संपले नाहीत. तो यायचा, मी पक्षी मोजायचे, तो शेजारी बसून माझ्या कॅमेऱ्यातले फोटो तपासायचा. मध्येच डोळा लावून बघायचा आणि चाक आपल्या नंबरावर फिरवायचा. पुढचा पक्षी आला की मला सगळं धूसर. मी चिडायचे.

“परत फिरवलंत?”

“हाव. दिसायला नको का मला?”

“माझा कॅमेरा आहे तो आता.”

“डोळे माझेच हायत न्हवं अजून.”

असं आमचं भांडण. चाक दिवसातून चारदा इकडून तिकडं जायचं. त्याच्या हाताला स्टुडिओतल्या स्पिरिटचा वास असायचा आणि कॅमेरा परत घेताना तो माझ्या हाताला लागायचा. मला तो आवडायला लागला होता. हे मी लपवून ठेवत नाही, तेव्हाही स्वतःपासून लपवलं नव्हतं. पण मी पुरावा मागणारी बाई आहे. पक्षी दिसला म्हणून चालत नाही, तारीख, वेळ, फोटो लागतो. आणि त्याच्याकडून पुराव्याला एक वाक्य मिळेना. त्याला मी म्हणालेही एकदा, फाइव्ह डी सेकंदाला चार फोटो तरी देतो, तुमचं चार रविवारांत एक वाक्य होत नाही. तो हसला आणि पाण्याकडं बघत बसला.

डिसेंबरात पुण्याचं स्थळ आलं. अनय नाव, चांगली नोकरी, फोनवर बोलायलाही समंजस. त्याच्यात नाव ठेवायला काही नव्हतं, हीच पंचाईत होती. आई म्हणाली, घाई नाही, पण मनिषाच्या लग्नापर्यंत हो की नाही सांग, लोकांना किती टांगून ठेवायचं. मनिषाचं लग्न फेब्रुवारीत होतं.

मी हे रविकिरणला मुद्दाम सांगितलं. पुढं मुद्दाम असंही म्हणाले की तिकडच्यांनी चांगला फोटो मागितलाय, तुम्हीच काढून द्या. वाटलं, आता तरी काही बोलेल.

तो म्हणाला, “देतो की. कधी येताल?”

जानेवारीत लातूरला काकांकडं गेले तेव्हा त्याच्या स्टुडिओत गेले. रागानं गेले. त्यानं दिवे बंद केले आणि खिडकीचा पडदा अर्धा सरकवून मला त्या उजेडात बसवलं. फाइव्ह डी काढला. पाऊण तासात फक्त तीन फोटो काढले. एरवी कपाळावर असणारा चष्मा त्या दिवशी नाकावरच होता आणि कॅमेऱ्याच्या डोळा लावायच्या खिडकीचं रबर झिजलेलं, त्यामुळं काच त्यावर घासत होती. उजव्या भिंगावर ओरखड्यांचं एक अर्धं वर्तुळ उमटलेलं मला दिसलं. मला वाटलं, याला इतकाही उत्साह नाही की चष्मा वर सारावा. मी म्हणाले, भिंग बदलून घ्या, खराब झालंय. तो म्हणाला, राहू द्या, सवय झाली.

फोटो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर होता. मी त्यात कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी दिसत होते. त्यानं तो पाकिटात घालून दिला.

“हा बघून कोण न्हाई म्हणंल?” तो म्हणाला.

मी पाकीट उचललं आणि निघाले. बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत रडले. नंतरचे दोन रविवार मी नदीवर गेलेच नाही. फोटोही पुण्याला पाठवला नाही, आईला सांगितलं अजून आला नाही.

मनिषाच्या लग्नाला कार्यालय तेच होतं. आई सकाळपासून माझ्या मागं होती, संध्याकाळी पुण्याला फोन करायचाय, काय सांगू? मी ठरवलं होतं की हो म्हणायचं. जो माणूस माझाच फोटो काढून दुसऱ्याच्या हवाली करतो, त्याच्यासाठी आणखी किती थांबायचं...

अक्षता सुरू व्हायच्या बेतात होत्या. रविकिरण गर्दीतून वाट काढत आला, खांद्यावर दोन कॅमेरे, एक नवा कुणाचा तरी मागून आणलेला आणि एक फाइव्ह डी. त्याला वरच्या कट्ट्यावर चढायचं होतं. मला पाहून थबकला. मग, जणू काही झालंच नाही असा, म्हणाला, “जरा धरा.”

मी फाइव्ह डी हातात घेतला. खोड ती खोड, डोळ्याला लावला. सगळं धूसर दिसणार म्हणून बोट आपोआप चाकाकडं गेलं आणि तिथंच थांबलं.

मनिषा लख्ख दिसत होती. मुंडावळ्यांचा मणी न् मणी दिसत होता. अंतरपाटावरचं कुंकवाचं स्वस्तिक, गुरुजींच्या बोटातली दर्भाची अंगठी, सगळं स्वच्छ होतं. चाक माझ्या नंबरावर होतं.

मी कॅमेरा खाली घेतला आणि त्याच्याकडं पाहिलं. चष्मा नाकावर. उजव्या भिंगावरचं ते अर्धं वर्तुळ आता पुरं झालं होतं. माझा सगळा जानेवारी माझ्या डोळ्यांसमोरून गेला. त्याला चष्मा वर सारायचा कंटाळा नव्हता. वर सारून त्याला दिसलंच नसतं.

“चाक फिरवलं नाहीत तुम्ही?” मी विचारलं.

“न्हाई.”

“कधीपासून?”

“तुम्ही नदीवर परत दिला तवापासून.” तो कट्ट्याच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. “वाटलं... परत बघताल कवातरी. तुम्हाला धूसर दिसाया नको.”

“आणि तो फोटो? पुण्यासाठी इतका चांगला का काढलात?”

“वाईट काढता येईना, मालविका.” माझं नाव त्यानं पहिल्यांदा घेतलं. “लई प्रयत्न केला. तीन वेळा.”

मागून काका ओरडत होते की फोटोग्राफर कुठं गेला, मंगलाष्टकं सुरू झाली. त्यानं कॅमेऱ्यासाठी हात पुढं केला. मी दिला नाही. जात वेगळी, घरी दोन्हीकडं काय होणार हे मला दिसत होतं. आमचे आईबाबा, त्याचे दुकानातले अप्पा, कुणालाच हे सोपं जाणार नव्हतं. पण ते सगळं उद्यापासून करता आलं असतं. आईला मात्र संध्याकाळच्या आत सांगायचं होतं आणि काय सांगायचं ते मला आता कळलं होतं.

“मी पुण्याला नकार कळवतेय,” मी म्हणाले. “तुमच्यासाठी. चालेल ना?”

त्यानं मान हलवली, दोनदा, आणि चष्म्याआडचे डोळे भरून आले.

मी कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला आणि चाक फिरवायला लागले. पहिल्या दिवशी त्यातून मला मनिषा कशी दिसली होती ते माझ्या पक्कं लक्षात होतं. साडी, हार, अंतरपाट सगळं एकात एक मिसळलं, बरोबर तेवढं, तेव्हा हात थांबवला आणि कॅमेरा त्याच्या हातात दिला.

“चष्मा वर करा आणि नीट फोटो काढा,” मी म्हणाले. “मला बघायचं असेल तेव्हा मी फिरवून घेईन.”

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि कट्ट्यावर चढला. मी अक्षतांची मूठ घेऊन आईला शोधायला गेले.