तिसरीतली समी

निरगुडसरच्या मळ्यातल्या शाळेत तिसरी आणि चौथी एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसायच्या. एका भिंतीला तिसरीचा फळा, समोरच्या भिंतीला चौथीचा. म्हणून रामनाथ गुरुजींनी समृद्धीला थेट चौथीत घ्यायचं काढलं, तेव्हा ते फारच सोपं वाटलं.

"नुसतं तोंड फिरवायचंय, मंगलताई. पोरगी लई पुढं आहे. चार दिवस बसवून बघू, मग तुमी ठरवा."

आई घुटमळली. "आठ वर्षांची हाय वो. मोठ्या पोरांत दबून जाईल."

"समी आणि दबणार?" दहावीतली प्राची फिस्सकन हसली. "आई, ती माझ्या गणितातल्या चुका काढते!"

उसात बिबट्या फिरत होता, त्यामुळं बहिणीला आणायला प्राची रोज जायची. पहिल्या दिवशी समृद्धी चौथीत ऐटीत बसलेली. तिच्या पाठीमागं, तिसरीच्या रांगेत, तिची जागा रिकामी. दुसऱ्या दिवशीही तशीच. बाकीची पोरं अंग चोरून बसलेली, पण तिकडं कुणी सरकत नव्हतं.

"अरे स्वराज, सरक की. मांडी तरी नीट घाल," प्राची त्या जागेशेजारच्या पोराला म्हणाली.

"कुठं सरकू? समी बसलीय."

"समी तिकडंय, येड्या."

"ती बी हाय," स्वराज म्हणाला, आणि त्यानं आपलं पुस्तक रिकाम्या जागेकडं जरा कलतं केलं. कुणाला तरी नीट दिसावं म्हणून.

वाटेत प्राचीनं थट्टेच्या सुरात विचारलं, "तुझ्या जागेवर कोण बसतं गं?"

समृद्धी हसली नाही. "तिला भागाकार येत न्हाई. सारखी माझी वेणी ओढते. म्हणते, इकडं फिर."

प्राचीनं घरी सगळं सांगितलं. आईनं हातातली भाकरी तशीच परातीत ठेवली.

"बास. नको ती चौथी."

सकाळी तिघी शाळेत गेल्या. गुरुजींचा चेहरा पडला. समृद्धीनं प्राचीचा हात घट्ट धरला.

"ताई, आता नको. तिथं जागा न्हाई."

"गप. बस खाली."

प्राचीनंच तिला खांद्याला धरून तिसरीच्या फळ्याकडं फिरवलं.

संध्याकाळी समृद्धी अंगणात लंगडी घालत होती. साधा भागाकार बोटांवर मोजला, तरी चुकला. आई किती दिवसांनी निवांत हसली.

"बघ, पोर कशी पोरासारखी झाली."

मग समृद्धी प्राचीच्या मांडीत येऊन बसली. तोंड उघडलं.

"ताई, ह्यो हलतोय बघ. दोरा बांधून काढ ना."

प्राचीनं बोट लावलं. पुढचा, इवलासा, दुधाचा दात.

मागच्या दिवाळीत तिनंच तो ओढून काढला होता.