भेटीचे कारण

"हात वर! ...म्हणजे, ते... आहात तिथेच थांबा!"

चावीवालीने मान वळवली नाही. दोन्ही गुडघे पायरीवर, एक डोळा कुलपाच्या भोकाला, हातांत दोन तारा आणि दातांत तिसरी. अशा वेळी कोणी हात वर करत नसतं.

"एक मिनिट," ती दातांतल्या तारेआडून म्हणाली. "आत्ता हात वर केले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात."

"अहो, पण तुम्ही दिवसाढवळ्या घर फोडताय!"

"फोडत नाहीये, उघडतेय. फोडायचं असतं तर एव्हाना आत बसून चहा पीत असते."

खट् झालं आणि दार उघडलं. मग ती सावकाश उठून मागे वळली. समोर नवा कोरा शिपाई उभा होता, गणवेशाची इस्त्री मोडेल या भीतीने अंग चोरून, आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल. एका हातात काठी, दुसऱ्यात वही. काय पुढे करावं हे न कळून त्याने वहीच पुढे केली. "ओळखपत्र?"

तेवढ्यात शेजारच्या फाटकातून मुख्याध्यापिकाबाई आल्या. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "अरे, तिला कसलं ओळखपत्र मागतोस? घर माझं. चावी आत राहिली आणि मी बाहेर, म्हणून मीच बोलावलं तिला. तू कोण? तुझं दाखव आधी!"

आणि शिपायाने खरोखरच खिशातून ओळखपत्र काढून बाईंना दाखवलं. बाईंनी चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी तपासलं. चावीवालीला हसू आवरेना. ती पदर तोंडाशी धरून तारा गोळा करत बसली. त्याने एकदा तिच्याकडे चोरून पाहिलं आणि तोही हसला. तिथंच खरं तर व्हायचं ते होऊन गेलं. कळायला मात्र दोघांनाही पुढे बराच वेळ लागला.

तर या गावची पोलीस चौकी म्हणजे काही मोठा कारभार नव्हता. एक साहेब, एक हवालदारकाका, दोन शिपाई आणि चौघांत मिळून एक सायकल. साहेब नवे होते आणि नव्याची नवलाई त्यांनाही चुकली नव्हती. पोलिसांनी लोकांच्या दारात जावं, ख्यालीखुशाली विचारावी, म्हणजे चोर यायच्या आधी पोलीस पोचलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गावात चौदा ठिकाणी चौदा वह्या टांगल्या होत्या. दवाखान्यात, शाळेत, बाईंच्या दारात आणि चावीच्या दुकानातही. वहीत चार रकाने: वेळ, भेटीचे कारण, परिस्थिती आणि नागरिकाचा अभिप्राय. प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून एकदा जायचं, असा नियम.

चावीच्या दुकानात आपले शिपाईबुवा दिवसातून दोनदा येत. अकराला आणि चारला.

पहिल्या दिवशी 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं, 'कुलपांची पाहणी.' ते ठीक. दुकानात कुलपंच होती. दुसऱ्या दिवशी, 'शटर तपासले.' चौथ्या दिवशी, 'पुन्हा शटर तपासले.' आठव्या दिवशी त्याची पुंजी संपली आणि त्याने लिहिलं, 'फळीवर मांजर बसले होते. चौकशी केली.'

"मांजराची?" चावीवालीने कानस बाजूला ठेवली.

"खोटं लिहिता येत नाही ना. मांजर होतंच."

"आणि परिस्थिती?"

त्याने वही तिच्याकडे फिरवली. तिथे सुबक अक्षरात होतं, 'दुकानदारबाई हसत होत्या. परिस्थिती नियंत्रणात.'

"आता अभिप्राय लिहा की," तो म्हणाला. "तुमचा रकाना रोज कोराच राहतो. मला वाईट दिसतं."

"मनात येईल तेव्हा लिहीन."

"म्हणजे... मनात काही येतच नाही?"

"शिपाईबुवा, ही चौकशी वहीत बसत नाही!" असं म्हणून तिने कानस उचलली आणि चावी अशी घासली, अशी घासली, की ती फुकट गेली. त्या महिन्यात तिच्या बऱ्याच चाव्या फुकट गेल्या.

दुकान तिच्या बाबांचं. चाळीस वर्षं त्यांनी गावाची कुलपं राखली होती. आता त्यांचे हात थरथरत. ते ही गोष्ट कोणाला दिसू देत नसत आणि तीही ती पाहिलीच नाही असं दाखवत असे. एका दुपारी बाहेर भुरभुर पाऊस होता. बाबा हट्टाने एक जुनं पेटीचं कुलूप खोलत बसले होते आणि स्प्रिंग काही केल्या जागेवर बसत नव्हती. शिपाई ओल्या टोपीनिशी दुकानाच्या दारातल्या आडव्या फळीपलीकडे उभा होता. खिशातली विजेरी काढून, फळीवरून वाकून त्याने कुलपावर उजेड धरला, आणि दुसऱ्या हाताने कुलूप घट्ट धरून ठेवलं. "काका, असं धरलं की मला आतलं नीट दिसतं. शिकवाल का?"

बाबांनी शिकवलं. अर्धा तास शिकवलं. त्याला ढिम्म काही कळलं नाही. चावीवाली पाठ फिरवून कोऱ्या चाव्या मोजत राहिली, कारण डोळे भरून आले होते आणि ते त्याने पाहिलं असतं तर वहीत लिहिलं असतं.

"पोरगा बरा आहे," रात्री जेवताना आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. घरात राज्य तिचं. "फक्त बोलत का नाही?"

"बोलतो की."

"मांजराबद्दल! अगं, तोंड उघडायला त्याच्याकडे चावी नाही आणि तू चाव्यांचं दुकान घालून बसलीस. तुम्ही दोघं म्हातारे होणार त्या फळीच्या दोन बाजूंना."

महिनाअखेरीला शाळेच्या सभागृहात गावकऱ्यांची बैठक भरली. साहेबांनी चौदा वह्या टेबलावर मांडल्या होत्या. ते हौशीने एकेक उघडून मोठ्याने वाचत होते. दवाखाना, भेटी पाच. शाळा, भेटी चार. मग त्यांनी चावीच्या दुकानाची वही उचलली आणि चष्मा सावरला.

"भेटी... बावन्न!"

सभागृहात चुळबुळ झाली. आत्याने चावीवालीला कोपर मारलं.

"बावन्न," साहेब गंभीर झाले. "याचा अर्थ सरळ आहे. या दुकानाला काहीतरी मोठा धोका आहे. आणि आमचा शिपाई बावन्न वेळा जाऊनही तो धोका काय हे शोधू शकला नाही! मांजराची चौकशी करतोय! हे काम अनुभवी माणसाचं आहे. सोमवारपासून तिथे हवालदारकाका जातील. या शिपायाला मी पुलापलीकडच्या गोदामांवर टाकतोय."

पुलापलीकडे म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत. अकराला येणं नाही, चारलाही नाही.

चावीवालीने त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीशी ताठ उभा होता, कान लाल. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे भरल्या सभेत तिचं नाव घ्यायचं, गावाच्या जिभेवर तिला द्यायचं. तो गप्प राहिला. नालायक ठरला, पण गप्प राहिला. तिला त्याचा इतका राग आला आणि इतकं प्रेम दाटून आलं, की कुठलं आधी आलं हे तिला सांगता आलं नसतं.

"साहेब, आळशी नाही हो तो!" मुख्याध्यापिकाबाई उभ्या राहिल्या. "माझ्याकडे रोज डोकावतो. दिवा बदलून देतो, औषध आणतो. फक्त माझ्या वहीत सही करायला त्याला अर्धं मिनिट लागतं. तिथे किती लागतं ते तुम्ही बघा!"

लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांना खरंच काही उमगलं नव्हतं. "ते ठीक आहे. पण ज्यांचं दुकान, त्यांचा अभिप्रायाचा रकाना बावन्नच्या बावन्न वेळा कोरा! बाई, घाबरू नका. कोणाचा दबाव आहे का तुमच्यावर?"

चावीवाली उठली. टेबलापाशी जाऊन तिने साहेबांच्याच हातातलं पेन घेतलं आणि शेवटच्या ओळीपुढच्या कोऱ्या चौकटीत लिहिलं. वही परत दिली. सवयीप्रमाणे साहेब मोठ्याने वाचू लागले.

"'दुकानाला धोका नाही. शिपाई बदलू नये. अकरा वाजत आले की मी काम टाकून... रस्त्याकडे... बघत बसते.'"

शेवटच्या शब्दापर्यंत साहेबांचा आवाज बसत गेला.

"अक्षर जरा तिरकं आलंय," मुख्याध्यापिकाबाई पुढे येऊन वहीत डोकावत म्हणाल्या. "बाकी उत्तर बरोबर."

मग जो हशा उठला, तो बराच वेळ थांबेना. हवालदारकाका तर डोळे पुसत होते. चावीवालीने मान वर केली तेव्हा शिपाई तिच्याकडेच पाहत होता, टोपी छातीशी धरून... बाकी कोणी तिथे नसल्यासारखा.

साहेब शेवटी खाकरले. "हं. शिपाई बदलत नाही. पण धोका नाही, तर तिथे वहीही नको. ती उद्यापासून बसथांब्यावर टांगू."

घरी येताना आत्या गुणगुणत होती आणि चावीवालीचा जीव मात्र टांगणीला. वही गेली. तो आजवर येत होता तो वहीसाठी, निदान तसं म्हणायची सोय होती. आता ज्याला खोटं कारण लिहिता येत नाही, तो कारणच नसताना येईल का?

दुसऱ्या दिवशी रविवार. अकरा वाजले. रस्ता रिकामा. अकरा वाजून दहा मिनिटं झाली. तिने एक चावी फुकट घालवली. मग दुसरी.

"नमस्कार."

गणवेश नव्हता. साधा निळा सदरा, नीट बसवलेले ओले केस आणि दोन रिकामे हात, जे कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"वही नाही आणली?" तिने विचारलं.

"नाही."

"मग... भेटीचे कारण?"

"तेच लिहीत होतो महिनाभर. येत नव्हतं." त्याने एक मोठा श्वास घेतला. "तुम्ही. पहिल्या दिवसापासून कारण तुम्हीच आहात. शटर चांगलंच होतं."

"आणि मांजर?"

"मांजर खरं होतं."

ती हसली. हसता हसता डोळे भरले आणि या वेळी तिने पाठ फिरवली नाही. आतून बाबांचा आवाज आला, "अगं, कोण आहे? तो असेल तर म्हणावं, जरा दिवा धर!"

महिनाभर तो जिच्या पलीकडे उभा राहिला होता ती फळी तिने उचलली आणि त्याला वाट करून दिली. तो उंबऱ्यावर जरासा अडखळला.

"परिस्थिती?" त्याने हळूच विचारलं.

"अजिबात नियंत्रणात नाही," ती म्हणाली. "ये आत."