दोन्ही मिळतील

मानसिंग माझ्याशी पहिल्यांदा बोलला तोच ओरडून. सत्तर साल. सांगलीत श्रावणाची भुरभुर चालली होती. दार उघडलं, तर उंबऱ्यात भिजलेला तरणा गडी... अंगाला हळदीचा वास, उजव्या मनगटाला पांढरं फडकं.

“आकाराम एजंट कुठं हायत?”

ते माझे वडील; आबा घरी नव्हते, म्हणून सगळा राग माझ्यावर निघाला. हळदीच्या गिरणीत पट्ट्यात सापडून त्याचा पंजा गेला होता. सरकारी कामगार विम्याचे पैसे महिन्याला मिळू लागले. पण आबांकडून त्यानं खासगी कंपनीची अपघाताची पॉलिसीही घेतली होती. आता कंपनी म्हणत होती, सरकार देतंय तेवढं आम्ही कापणार.

“मग मी हप्ते कशापायी भरलं?”

आबांनी गिरणीतल्या गड्यांना आमच्याच सोप्यात बसवून सांगितलं होतं, सरकारचं वेगळं, आमचं वेगळं, दोन्ही मिळतील. चहा मीच दिला होता. त्यांच्यात हाही असणार, पण तेव्हा मी मान वर केली नव्हती.

मी आबांना विचारलं. एजन्सी जाईल, तू गप बस, म्हणाले.

मानसिंग येतच राहिला. तो दिसला की आबा मागच्या दारानं निघून जायचे, आणि पुढच्या दारात मी.

“चहा तरी पुरा देताय, का त्यातनंबी कापताय?”

“साखर कापलीय,” मी म्हणाले.

तो हसला... आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडला.

कंपनीचा साहेब चौकशीला आला. आबा म्हणाले, असं मी बोललोच नाही. माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत मी सांगितलं, आबा हेच बोलले होते. मग गिरणीतले गडीही पुढे झाले. एजंटानंच शब्द दिला होता, म्हणून कंपनीला पुरी रक्कम द्यावी लागली. आबांची एजन्सी गेली.

मानसिंग आला तो तणतणत.

“बापाशी वाकडं कशाला घेतलंस? माझी कीव आली व्हय?”

‘तुमी’वरून तो ‘तू’वर आला होता. त्याला कळलंही नाही.

“कीव कसली? खरं हुतं म्हणून बोलले.”

“नुसतं खरं हुतं म्हणून?”

त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते. मी बघत राहिले.

“...न्हाई.”

तो हळूच म्हणाला, “मेढ्याला येशील, माझ्या घरी? लय चिडका हाय मी.”

“मीबी.”

मेढ्यालाच लग्न झालं. आबा आले नाहीत. मुलीनं चारचौघांत तोंडघशी पाडलं, एवढंच ते धरून बसलेत. त्यांचा राग गेलेला नाही... आणि माझाही.